पुढच्या सीटवरचं वजन

यातलं पटेल ते घ्या आणि किडकं वाटेल ते टाकून द्या, बाजारात वांगी निवडतो तसं. पण त्या शनिवारी गाडी आली ती आलीच, आणि ती श्रीरंगचीच होती. माझ्या गळ्याची शपथ. दुसऱ्या कुणाच्या गळ्याची घेतली असती, पण हल्ली माझ्या हाताला लागेल इतकं जवळ कुणी येत नाही.

श्रीरंग माझा मुलगा. मी राहते आनंदबनात, तासगाव रस्त्याला. बन म्हणजे दोन बाभळी, शेजारी बंद पडलेली बेदाण्याची शेड आणि आम्ही म्हातारी माणसं. तेव्हा नवा कायदा आला होता. आईबापाला आश्रमात ठेवलं असेल तर आठवड्यातून एकदा भेटायला जायचं, नाहीतर दंड. भेटलात की नाही, हे तुमची गाडीच सरकारला कळवणार. फाटकासमोर चहा निवेल इतका वेळ गाडी उभी राहिली, की झाली भेट. गाडीतून उतरायचं, असं कायद्यात कुठं लिहिलं नव्हतं. म्हणून श्रीरंग उतरायचा नाही.

काच खाली करायचा. हात बाहेर काढायचा. मी त्याच्या तळव्यावर दही-साखर ठेवायची. तो चाटायचा आणि म्हणायचा, "येतो." नुसतं 'येतो'. पुढं 'आई' लावायला तेवढी जास्त वीज लागत असेल. निघालेल्या माणसाच्या हातावर दही ठेवायची आपली रीत. श्रीरंग आला तोच निघालेला असायचा, म्हणून मी वाटी घेऊनच फाटकाशी बसायची.

मधले काही शनिवार कोरडे गेले होते. तर त्या शनिवारी गाडी आली, मी वाटी घेऊन काचेशी गेले, काच खाली झाली आणि आत भलताच माणूस. तिशीतला, कपाळाला आठ्या.

"बसा ओ आजी," तो म्हणाला. "मी जरा थांबून जातोय. कुणाला भेटायचं नाहीये."

"तू कोण?"

"प्रफुल्ल मगदूम. सांगलीत असतोय. जनावरांची औषधं विकतोय."

"आणि ह्या गाडीचा मालक?"

"मीच की. श्रीरंगसाहेबांनी विकली मला. ते मेलबर्नला गेले न्हवं का, कायमचे." मग त्यानं माझ्या हातातली वाटी पाहिली. "तुम्ही त्यांच्या..."

"मीच पाठवलं त्याला," मी म्हणाले. "म्हटलं जा, इथं काय ठेवलंय."

ही ह्या गोष्टीतली माझी पहिली थाप.

"हात पुढं कर," मी म्हणाले.

"मी कशाला?"

"दही नासायला आणलेलं नाही. कर हात."

त्यानं केला. चाटलं. गुपचूप गेला.

पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. आता कुणीही माणूस दुसऱ्याच्या आईच्या फाटकाशी असा येऊन बसेल का? मी काठी गाडीच्या नाकासमोर आडवी धरली आणि म्हटलं, "कारण सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही."

कारण त्यानं सांगितलं, ते असं. पूर्वीच्या बॅटऱ्यांना आतून बारीक तडे जायचे. भरा, वापरा, तडा. भरा, वापरा, तडा. शेवटी बॅटरी मरायची. मग शास्त्रज्ञांनी नवी काढली. तिच्या पोटात साडीला लावतात तशी खळ असते. तडा गेला की खळ तिथं धावते आणि घट्ट होते. कुठं किती खळ धाडायची, ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो शिकतो मालकाच्या वागण्यावरून. मालक कधी निघतो, कुठला चढ चढतो, कुठं थांबतो, शेजारी कोण बसतं. सीटखाली वजनाचा काटा असतोच, पट्टा लावला नाही की ओरडायला.

"आजी, तुम्ही जात्यावर दळलंय?"

"माझ्या आईनं दळलंय. तळहाताला घट्टे होते तिच्या."

"तसंच ओ हे. खुंटा जिथं धरतोय तिथंच घट्टा पडतोय. त्याच घट्ट्यानं जन्मभर दळा, हात दुखायचा नाही. पण त्याच हातात कुदळ दिली तर?"

"दुसरीकडं फोड."

"फोड. आणि त्या फोडातनं वीज गळतीय. तीस वर्षं टिकतीय म्हणाले बॅटरी. टिकतीय की! पण मालक तोच असला तर."

म्हणजे बघा, जुनी गाडी घ्यायची तर पहिल्या मालकाचे दिवस सुद्धा घ्यायचे. लोक गाड्यांची स्थळं बघायला लागले होते. मालक काय करायचा? पीत होता का? सासुरवाडी किती लांब? शाळामास्तराच्या गाडीला सोन्याचा भाव. जयसिंगपुरात एकानं दूध गोळा करणाऱ्याची गाडी घेतली, तर ती प्रत्येक गोठ्यापाशी थांबल्याशिवाय पुढं जाईना. बिचाऱ्यानं शेवटी चार म्हशी घेतल्या. पलूसच्या एकानं पडलेल्या उमेदवाराची घेतली. ती बैलगाडीच्या वेगानंच चालायची, आणि तेही मागं दहा माणसं ओरडत असली तर. हसू नका. मी पाहिलीत ती माणसं. घसा बसला होता त्यांचा.

प्रफुल्लनं गाडी घेतली लग्न जमावं म्हणून. दारात गाडी दिसली की स्थळं येतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. स्वस्तात मिळाली म्हणून नाचत घरी आणली, चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फोडला. मग एकेक दुखणी बाहेर आली. गाडी जडशीळ, म्हणून टायर चपलेसारखे झिजायचे. उन्हात पुढचा कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा. चार्जिंगचं झाकण मोडलेलं, ते रबरबँडनं बांधलेलं. विमा नव्या गाडीइतका. हे सगळं त्यानं सोसलं. श्रीरंगचा सोमवार ते शुक्रवार सांगली-कुपवाड असायचा. प्रफुल्लनं आपले गोठे त्या रस्त्याला बसवून घेतले. शनिवारी मात्र फाटकाशी थांबायचं त्याला माहीत नव्हतं, आणि बुधवारपर्यंत बॅटरी निम्म्यावर. कुपवाड रस्त्याला भर उन्हात गाडी उभी राहिली, औषधं नासून गेली. बॅटरी बदलायची तर गाडीपेक्षा महाग. तिची सवय पुसून घ्यायची तरी तेवढेच. सर्व्हिस सेंटरमधली पोरगी पडद्यावर बघून म्हणाली, "सर, तासगाव रोडला एक फाटक आहे. शनिवारचं तेवढं चुकवू नका."

"म्हणून येतोय बघा," प्रफुल्ल म्हणाला. "नोकरी ह्या गाडीवर आहे ओ माझी."

माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला.

"पण हे तर अर्धंच झालं रे," मी म्हणाले. "थांबून झालं की श्रीरंग मला पुढच्या सीटवर बसवून तासगावला न्यायचा. गणपती, मग भेळ, मग परत."

"रेकॉर्डमध्ये तसं दिसत नाही."

"रेकॉर्डमध्ये माया दिसते का?"

घाबरलेल्या माणसाला थाप मारणं म्हणजे पिकलेलं सीताफळ फोडणं, बोट लावलं की उघडतंच. त्यानं दार उघडलं. मी बसले. सीट किंचाळली.

"आजी, पट्टा लावा."

"लावते रे, ओरडू नकोस. तू आणि तुझी गाडी."

पहिले काही शनिवार बॅटरीचा काटा पडला. तो कुरकुरला. मी म्हणाले, "तू मनापासून नेत नाहीस, तिला कळतं." मग तो मनापासून न्यायला लागला. गणपतीला माझा हात धरून पायऱ्या चढवायचा, भेळेतली मिरची काढून द्यायचा. आणि एक दिवस काटा पडायचा थांबला. नवा घट्टा धरला होता तिनं. माझ्या काटकुळ्या अंगाच्या वजनाचा, भेळेच्या थांब्याचा, सगळ्याचा. मी मारलेली थाप बॅटरीच्या पोटात जाऊन दगडासारखी घट्ट झाली.

मी आनंदबनात मिरवायची. बाकीच्यांच्या पोरांच्या गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या आणि जायच्या. मी एकटी दार उघडून आत बसायची. एकदा सहज विचारलं, "शनिवारी तुझी आई काय करते रे?"

"काय करणार? बसतीय घरात. पूर्वी शनिवारी मिरजेला न्यायचो गुडघ्याच्या व्यायामाला. आता कुठनं जमतंय?"

"मग आण की तिला."

खरंच आणलं. सुगंधाक्का तिचं नाव. चांगली भरल्या अंगाची, गोल कुंकू, मांडीवर डबा. ती पुढं बसली होती. फाटकाशी आल्यावर प्रफुल्लनं तिला मागं बसवलं आणि मला पुढं.

"तुम्हीच होय त्या," ती मागून म्हणाली.

"मीच. का गं?"

"काही नाही. माझा मुलगा शनिवारी कुणाकडं जातोय, बघावं म्हटलं. मला वाटलं, कुणी तरणी असेल."

"तरणी असते तर एवढ्या भेळेवर भागलं नसतं," मी म्हणाले.

ती खळखळून हसली. मला बाई आवडली. कवलापूरच्या पुढं द्राक्षबागांपाशी काटा घसरायला लागला. गाडीला तिसरं माणूस माहीतच नव्हतं. प्रफुल्लच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"आई, तू उतर."

"इथं?"

"त्या लिंबाखाली बस जरा. आजींना तासगाव करून आणतो आणि परत जाताना तुला घेतो. नाहीतर आठवडा वाया जातोय माझा."

मी म्हणाले, "मी उतरते की."

"तुम्ही उतरला तर काय उपयोग ओ?" तो माझ्यावर खेकसला. "तुमचंच तर वजन लागतंय."

सुगंधाक्का उतरली. गुडघा धरून, एकेक पाय करून. डबा सीटवरच राहिला. तासगावात आम्ही तो उघडला, पुरणपोळ्या होत्या. मी दोन खाल्ल्या. गोड होत्या, त्याला मी काय करू?

परत येताना मात्र मला राहवेना. "अरे, मी थाप मारली होती. श्रीरंगनं मला कध्धी कुठं नेलं नाही. गाडीतून उतरलासुद्धा नाही तो."

"माहितीये मला," प्रफुल्ल म्हणाला. नजर काट्यावर. "सर्व्हिस सेंटरच्या त्या पोरीनं तेव्हाच सांगितलं होतं. पण काय सांगावं, असेलही, म्हणून नेलं. आता तर गाडीनंच ते खरं केलंय. आता मोडता येत नाही."

लिंबाखाली सुगंधाक्का मुंग्या झटकत बसली होती. तिला घेतलं, मला फाटकाशी सोडलं. काटा पुन्हा पडला तो पडलाच, आणि त्यानंतर ती गाडीत दिसली नाही.

दिसली ती एकदम चातुर्मासाच्या तोंडावर, आनंदबनात, ट्रंक घेऊन. व्यायाम सुटल्यावर गुडघे धरले होते, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. प्रफुल्ल माझ्यासमोर तिला समजावत होता. भाजी स्वस्त मिळाल्यासारखा चेहरा फुलला होता त्याचा. "आई, शनिवारी मी इकडं येतोयच की. एका फेरीत दोन्ही होतंय."

तिची खाट माझ्या खाटेशेजारी. पहिल्या शनिवारी तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"दही मी देणार. माझा मुलगा आहे."

"दे की बाई. मी काय नोंदणी केलीय त्याची?"

गाडी आली. काच खाली. तिनं त्याच्या हातावर दही ठेवलं, त्यानं चाटलं. मग पलीकडचं दार उघडलं. "आजी, चला." आणि तिला म्हणाला, "येतो आई." काच वर झाली. तिचे ओठ हलत होते, पण ऐकू काही आलं नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "भेळ कशी होती?"

"खारट," मी म्हणाले. झकास होती.

दिवे मालवले. मग अंधारातून तिचा आवाज. "मालूबाई, तुमचं वजन किती ओ?"

माझ्या लगेच लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटली.

आनंदबनाच्या कार्यालयात वजनकाटा आहे, पण तिथली नर्स आकडा लगेच घरी कळवते. म्हणून आम्ही बेदाण्याच्या शेडमध्ये गेलो. तिथं पेट्या तोलायचा जुना तराजू होता, तुळईला साखळ्यांनी टांगलेला, एकेका पारड्यात माणूस बसेल एवढा. एका पारड्यात मी, दुसऱ्यात ती. ती धपकन जमिनीला आणि मी वर, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी पाय हलवत.

"बापरे," ती म्हणाली.

"पुरणपोळ्या कमी कर," मी वरून म्हणाले.

तिनं सगळंच कमी केलं. त्यांच्यात, जैनांत, चातुर्मासातल्या उपवासाला फार मान. आधी दिवसातून एकदाच जेवायला लागली. मग एक दिवस जेवण, एक दिवस उपास. मग नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. व्यवस्थापक तिच्या पाया पडायला लागले. प्रफुल्लनं गाडीत बसल्या बसल्या हात जोडले आणि मला अभिमानानं म्हणाला, "बघितलं का आजी, आमच्या आईची तपश्चर्या."

"बघतेय ना," मी म्हणाले.

आम्ही तराजूत बसायचो. पारडं थोडं थोडं उचललं जायचं. शेडच्या कोपऱ्यात जुने बेदाणे सापडले, ते मी मूठमूठ खायची. म्हटलं, तू वर ये, मी खाली येते, मध्ये कुठंतरी भेटू. पण माझ्या अंगाला काही लागतच नाही. श्रीरंगच्या वेळीसुद्धा नवव्या महिन्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नव्हता.

तिची गालफडं बसली. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. एकदा पारड्यातून उतरताना तिला घेरी आली. तिला धरलं तेव्हा कळलं, हाताला नुसती हाडं लागतायत.

"अगं, मरशील," मी म्हणाले.

"त्याच्या शेजारी बसून मग मरेन."

"शेजारी बसून काय करणार आहेस?"

"विचारणार, जेवलास का. काचेबाहेरून विचारलेलं त्याला ऐकू जात नाही."

"मी विचारते की तुझ्या वतीनं."

"तुम्ही खोटं सांगाल," ती म्हणाली. खरंच आहे. मी सांगितलं असतं.

मी प्रफुल्लला सांगू शकत होते, तुझी आई देवासाठी उपाशी नाही, तुझ्या सीटसाठी आहे. दोनदा जिभेवर आलं. पण त्याचे डोळे काट्यावर असायचे, आणि भेळ गार व्हायची.

दिवाळीच्या आधी एक दिवस पारडी समोरासमोर थांबली. तुळई कुरकुरली आणि स्थिर झाली. आम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत लोंबकळत होतो. ती हसली. दात केवढे मोठे दिसत होते तिचे.

शनिवारी तिला थंडी वाजत होती. अंगात काही उरलंच नव्हतं ऊब धरायला. मी माझी तपकिरी शाल तिच्या डोक्यावरून पांघरली. ठरलं होतं असं, की गाडी आली की मी दही द्यायचं आणि तिनं पलीकडून दार उघडून सरळ बसायचं. तो नाही म्हणायच्या आत काटाच त्याला सांगेल.

गाडी आली. काच खाली. पडदा पुन्हा काळा झाला होता, तो त्यावर टिचक्या मारत होता. हात बाहेर आला, मी दही ठेवलं, त्यानं न बघता चाटलं. पलीकडचं दार उघडलं. सुगंधाक्का बसली. सीट नेहमीसारखी किंचाळली. पडदा उजळला. काटा केसभरही हलला नाही.

गाडीला फरक कळला नाही. सुगंधाक्कानं त्याच्याकडं तोंड वळवलं. मला इकडून दिसत होतं, तिचे ओठ 'जे' म्हणायला उघडले होते.

"आजी, पट्टा लावा," प्रफुल्ल म्हणाला. काट्यावरून नजर न काढता.

तिनं तोंड मिटलं. शालीचा पदर पुढं ओढला. पट्टा पहिल्याच खेपेला बसला.

"लावते रे," ती म्हणाली. माझा आवाज, माझा हेल, सगळं माझं. "ओरडू नकोस. तू आणि तुझी गाडी."

तो जरासा हसला. मग फाटकाशी वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या दिशेनं, म्हणजे माझ्या दिशेनं, हात हलवला.

"येतो आई."

काच वर गेली आणि गाडी तासगावच्या बाजूला लागली.

मी ओरडून त्याला थांबवू शकले असते. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी मला आई म्हटलं होतं, आणि ते परत करावं असं मला वाटलं नाही. वाटीत थोडं दही उरलं होतं. ते मी माझ्याच हातावर घेतलं.